शोधपट्टीत ‘शून्य’ येतं तेव्हा

मंडळाच्या टंकलिखित संग्रहात शब्द टाकला आणि ‘शून्य निकाल’ आला की बहुतेक अभ्यासक तिथंच थांबतात. मग ‘बडोद्याच्या कागदांत असा उल्लेख नाही’ हे वाक्य एखाद्या निबंधात जातं, तिथून दुसऱ्या निबंधात, आणि पाच-सात वर्षांत ते सिद्ध झाल्यासारखं वागू लागतं. प्रत्यक्षात कागद तिथंच असतो, फक्त तो आपण विचारलेल्या शब्दाला ओ देत नाही. असं का होतं आणि आम्ही त्यावर काय केलं, ते या टिपणात सांगतो.

माझी नोकरी कारखान्यातली, यंत्रांची. बिघाड शोधताना आमच्याकडे एक जुना नियम होता: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न आधी विचारा. इथंही तेच करावं. एखादं पान उघडून त्यावरचाच एक शब्द हातानं टाइप करून शोधायचा. तो सापडला नाही तर दोष कागदात नाही, शोधात आहे. मी संग्रहातल्या एका पानावरचा ‘दुसऱ्या’ हा शब्द असाच टाकला आणि उत्तर आलं, शून्य!

कारण असं. यंत्र अक्षराचा आकार बघत नाही, अक्षरामागचे क्रमांक बघतं. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन निराळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची मंडळी अ लिहून वर चंद्र द्यायची. ‘ऑफिस’मधला ऑ काही जणांनी आ आणि चंद्र असा जोडून केलाय. आपल्याकडे चार-पाच जणांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कळफलकांवर टंकन केलं, त्यामुळे हे सगळे प्रकार एकत्र नांदतात.

त्यात जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची भर. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई, कारण ती डावीकडे दिसते; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर लागते. रूपांतर करताना काही वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. आणि नुसतं स्कॅन केलेलं पान म्हणजे तर चित्रच, त्यात शब्द शोधणं म्हणजे फोटोतल्या माणसाला हाक मारणं. यंत्राकडून ते वाचून घेतलं तरी घ-ध, भ-म, व-ब यांची अदलाबदल होतेच.

उपाय तत्त्वतः सोपा आहे: एक चाळणी करायची. सूची बनवताना प्रत्येक शब्द तिच्यातून गाळायचा आणि वाचकानं विचारलेला शब्दही त्याच चाळणीतून गाळायचा. मूळ मजकुराला मात्र हात लावायचा नाही. ही अट मी मंडळात आग्रहानं मांडली, कारण दस्तऐवजातलं लेखन सुधारणं हे आपलं काम नव्हे. न दिसणारी चिन्हं गाळणं, दोन प्रकारचे र एक करणं, पण्डित आणि पंडित एक धरणं, ३ आणि रोमन आकडा सारखा मानणं, एवढं बिनधोक आहे.

खरी अडचण अनुस्वारांची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचं छापील मराठी म्हणजे नांव, गांव, कांहीं, नाहीं. आजचा वाचक ‘नाव’ टाकणार, कागदात ‘नांव’ असणार. मग सगळेच अनुस्वार गाळावेत का? तसं केलं तर भांडी शोधणाऱ्याला भाडी मिळतात, आणि राजवाड्याच्या हिशेबांत दोन्ही भरपूर! ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच: भेद मिटवला तर इंदूर टाकून ‘इंदुरास’ मिळतं, पण दिन आणि दीन एक होतात. म्हणून आता दोन चाळण्या आहेत. बारीक चाळणीचे निकाल वर येतात, जाड चाळणीचे त्याखाली, वेगळ्या रेघेनंतर. थोडा पसारा दिसतो खरा, पण जास्त दिसलेलं चालतं. हरवलेलं परवडत नाही.

यात वाचकानंही थोडं करावं लागतं. मराठीत विभक्ती लागली की शब्द रूप बदलतो. बडोदे, बडोद्यात, बडोद्याहून. पूर्ण ‘बडोदे’ टाकलंत तर पुढचे दोन निसटतात. नुसतं ‘बडोद’ टाका, बडोदासुद्धा येईल. ‘माणूस’ आणि ‘माणसा’ यांचं सामायिक अंग मात्र ‘माण’ एवढंच उरतं आणि मग माणिकरावही येतात. तिथं दोनदा शोधणंच बरं.

एवढं करूनही एक शून्य उरतं, आणि ते यंत्राचं नाही. पुण्याच्या एका बाई आपल्या पणजोबांचा शोध घेत होत्या. घरात सांगत, ते गायकवाडीत मामलेदार होते. ‘मामलेदार’ आणि आडनाव असं शोधून त्यांना काहीच मिळालं नव्हतं. घरची गोष्ट बहुधा फुगवलेली, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. पण बडोदे संस्थानात तालुक्याच्या त्या अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत. तो शब्द टाकल्यावर नेमणुकीची नोंद तिसऱ्याच निकालात निघाली. तसंच राजघराण्याच्या खात्याचं. होळकरांच्या इंदुरात ती खासगी, आपल्याकडे खानगी. कडी प्रांत पुढे मेहसाणा झाला, तेव्हा एकाच प्रांताचे कागद दोन नावांखाली आहेत.

म्हणून आम्ही शब्दजोड्यांची एक वही सुरू केली आहे. जुन्या कार्डसूचीत ‘अमुक पाहा’ असं सांगणारं कार्ड असे, तेच काम ती करते. १९३१ सालचा ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ याला फार उपयोगी पडतो, कारण त्यात कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी, गुजराती, उर्दू, फारसी असे प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडलेत.

सनांबद्दल थोडक्यात. मे १८७५ मध्ये सयाजीरावांचं दत्तविधान झालं. त्या महिन्याच्या कागदावर शके १७९७ असू शकतं, आणि गुजराती पद्धतीनं संवत १९३१, कारण इथं संवत कार्तिकात बदलतो. शकात ७८ किंवा ७९ मिळवा, गुजराती संवतातून ५६ किंवा ५७ वजा करा, आणि शोधताना दोन्ही शेजारची वर्षं टाकून बघा.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण आपले मोडी कागद अजून चित्रंच आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक रुमालाला चार ओळींचा देवनागरी गोषवारा जोडतो आहोत. त्यात गाव, व्यक्ती, हुद्दा आणि सन ही चार नावं कागदात जशी आहेत तशीच लिहायची, आजचं रूप पुढे स्वल्पविराम देऊन. ज्यांना मोडी येते त्यांनी शनिवारी यावं; सध्या नवसारीचे रुमाल सोडलेत.