वऱ्हाडचं ऊन आणि सोलेक्सचं गणित

२५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता आणि भर दुपारी माणसांना उन्हात राबवू नये, शिकवणीचे वर्ग भरवू नयेत, एवढ्यासाठी हा बंदोबस्त होता. जमावबंदीच्या कलमाने उन्हाशी लढणारं शहर म्हणून अकोला देशभर बातम्यांत झळकलं. अशा दुपारी बॉनेटखाली काय चाललेलं असतं, याची बातमी होत नाही. पण जुनी फियाट किंवा अँबेसेडर नव्याने उभी करणाऱ्या हौशी मंडळींना अमरावती-अकोल्यात दर उन्हाळ्यात पडणारं कोडं तिथलंच असतं. इंजिन बोअर करून नवं केलं, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, सकाळी गाडी घड्याळासारखी चालली. मग वाटेत मूर्तिजापूरला चहा घेऊन परत बसल्यावर ती सुरूच का होत नाही?

वऱ्हाडात जी जुनी गाडी हाती लागते ती बहुधा तीनपैकी एक. पहिली फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून १०८९ सीसीची ११०० डिलाइट निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच ‘पद्मिनी’ झाली. दुसरी अँबेसेडर, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचं हिंदुस्थानी रूप, १४८९ सीसी. ती २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती. तिसरी महिंद्राची जीप, तिच्यात विलीजचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन. मेळघाटच्या रस्त्यांवर हिनेच राज्य केलं. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जीपांची मूळ इंजिनं निघाली आणि तिथे डिझेल बसलं, त्यामुळे कार्बोरेटरवाली जीप आता शोधावी लागते. मारुती ८०० ला काहीजण अजून ‘जुनी गाडी’ मानायला तयार नाहीत; पण १९८३ ची पहिली मारुतीही कार्बोरेटरवालीच, आणि तीसुद्धा चाळिशी ओलांडून गेली.

कार्बोरेटर म्हणाल तर फियाट आणि अँबेसेडरवर बहुतेक सोलेक्स, जीपवर मुळात कार्टर, आणि एखाद्या अँबेसेडरवर इंग्रजी एसयू. या एसयूचा जन्म मोठा गमतीचा आहे. लंडनच्या ज्या स्किनर कुटुंबातून तो निघाला, त्यांचा धंदा जोड्यांचा होता. पहिल्या एसयूतला हवेच्या दाबाने वरखाली होणारा भाता चामड्याचा होता, त्यामागचं कारण हेच. घरात जो माल होता तो वापरला! सगळ्या कार्बोरेटरांचं काम मात्र एकच. हवा अरुंद नळीतून ओढली की तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या कमी दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर चढून हवेत मिसळतं. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे शुद्ध पेट्रोलचं प्रमाण. पेट्रोल वाढलं की काळा धूर, हवा वाढली की झटके आणि सायलेंसरमधून फटाके.

आता नव्या केलेल्या इंजिनाकडे वळू. गाडी ‘उचलून नाई रायली’ अशी तक्रार आली की पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. निम्मी गडबड इथेच होते. कार्बोरेटर हा शेवटचा आरोपी. त्याच्याआधी टॅपेटचा गॅप, डिस्ट्रिब्युटरचा पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग आणि चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन यांची जबानी घ्यावी लागते. हेडचं फेसिंग करताना थोडं जास्त छिललं गेलं असेल तर कॉम्प्रेशन वाढतं, जुनं टायमिंग चालत नाही आणि गाडी चढावर खडखडते. तो आवाज ऐकून कुणी मोठा जेट घालतो. आवाज कमी होतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं, वर पेट्रोलचा खर्च वाढतो.

मिश्रणातल्या चुकीची किंमत नव्या इंजिनाला जुन्यापेक्षा जास्त मोजावी लागते. पहिल्याच दिवशी पेट्रोल जास्त जात राहिलं, तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. मग नव्या रिंगा नीट बसतच नाहीत आणि हजारोंचं बोअरकाम महिन्याभरात निळा धूर सोडू लागतं. उलट मिश्रण पातळ राहिलं तर पिस्टन तापतो, आणि नव्या पिस्टनला आधीच जागा कमी असते. म्हणून जाणते मिस्त्री इंजिन पहिल्यांदा चालवण्याआधीच कार्बोरेटर खोलून, फ्लोटची पातळी मोजून ठेवतात आणि आयडलिंग थोडं चढं ठेवतात. रिंगा घासून बसेपर्यंत इंजिन जडच फिरतं. पहिल्याच आठवड्यात ते ‘स्लो’ला गोड वाजावं ही अपेक्षा फुकटची.

व्हॅक्युम गेज या कामात फार उपयोगी पडतो, आणि महागही नाही. मॅनिफोल्डला जोडला की समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच दाखवतं. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचावर, म्हणून इथे एक इंच कमीच धरायचा. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे. काटा सावकाश डोलत असेल तर मिश्रण चुकलंय. ठरावीक तालात झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीय. कार्बोरेटरच्या स्क्रूला हात न लावता एवढं कळतं.

एवढं करूनही बोट सोलेक्सकडेच वळलं, तर तो खोलावा. दोन नटांवर बसलेला हा अल्युमिनियम-जस्ताचा ठोकळा. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी ते नट ताकदीने आवळलेले असतात, त्यामुळे फ्लँजचे दोन्ही कान वाकतात आणि मधे फट पडते. काचेच्या तुकड्यावर एमरी पेपर ठेवून फ्लँज आठाच्या आकड्यासारखी घासली की आधी फक्त कानांवर चकाकी येते. मधला भाग मळकट राहिला, म्हणजे तेवढी हवा आतापर्यंत चोरवाटेने जात होती. पूर्ण पृष्ठभाग एकसारखा उजळेपर्यंत घासत राहायचं. मग थ्रॉटलचा दांडा हलवून पाहायचा. तो बुशात खुळखुळत असेल तर तिथूनही हवा शिरते, आणि असा कार्बोरेटर कितीही स्क्रू फिरवला तरी आयडलिंगला स्थिर राहणार नाही. लेथवाल्याकडून पितळी बुश बसवून घेणं हाच इलाज.

जेट पितळेचा, त्यावर आकडा कोरलेला. तो तारेने साफ करायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. तारेने पितळ खरवडलं जातं, भोक मोठं होतं आणि कोरलेला आकडा खोटा ठरतो. कॉम्प्रेसरची हवा पुरते. नव्या इंजिनात जेटमध्ये सापडणारा कचरा बहुधा दोन जागचा असतो. एक, पॅकिंगला सढळ हाताने फासलेल्या सिलिकॉनचे तुकडे. दुसरा, टाकीतला गंज. इंजिन नवं झालं, रंग झाला, सीटा शिवल्या. पण दहा वर्षं कोरडी पडलेली टाकी तशीच राहिली, असं सर्रास घडतं.

पेट्रोल पंपाखालच्या पॅकिंगची जाडी हा असाच दुर्लक्षित गुन्हेगार. जाड पॅकिंग टाकलं की पंपाच्या दांड्याची चाल कमी होते आणि वेगात गाडी उपाशी मरते. फार पातळ टाकलं की दाब वाढतो, फ्लोटच्या वाटीची निडल बंद होत नाही आणि कार्बोरेटर ‘ओव्हर’ होतो. वर्कशॉपमध्ये हाताशी येईल ते पॅकिंग कापून बसवलेलं असतं, आणि दोष येतो निडलवर.

एसयूचं ट्युनिंग त्यामानाने सोपं. पिस्टन जरासा, मिलिमीटरहून कमी, वर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, वेग लगेच पडला तर कमी, आणि क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बरोबर. सोलेक्सवर हे सुख नाही. तिथे मिश्रणाचा स्क्रू फिरवत कानाने वरचा वेग पकडायचा, थ्रॉटल खाली आणायचा आणि पुन्हा तेच.

मूर्तिजापूरच्या चहाचं कोडं आता सुटतं. गाडी चालू असताना पंखा आणि वाहती हवा कार्बोरेटरला थोडाफार गार ठेवतात. गाडी बंद केली की इंजिनाची साठलेली उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि प्लग ओले होतात. उलट पंपात किंवा नळीत वाफ अडली, तर पेट्रोल येतच नाही. पहिल्या प्रकारात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा, म्हणजे हवा जाऊन प्लग सुकतात. दुसऱ्यावर पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलाय. हसण्यासारखा वाटला तरी त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. कायमचा उपाय म्हणजे कार्बोरेटरखाली जाड बेकेलाइटचा तुकडा आणि एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याची आड. रिबिल्डमध्ये हे दोन्ही हमखास हरवतात, कारण ते ‘इंजिनाचे पार्ट’ वाटत नाहीत.

त्यात आता पेट्रोलच बदललं. २०२५ मध्ये देशाने २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चं प्रमाण सुमारे १३.५ वर येतं. जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तर मिश्रण आठेक टक्के पातळ ठरतं. दुसऱ्या बाजूला युरोपात १५ अंश तापमान धरून ठरवलेला जेट वऱ्हाडच्या ४५ अंशांत मिश्रण घट्ट करतो, कारण तापलेली हवा विरळ होते. उंची धरून हा फरक ढोबळ हिशेबाने सहा-सात टक्के येतो. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी दोन्ही चुका एकमेकींना जवळपास खोडून काढतात आणि गाडी बरी चालते. खरी पंचाईत डिसेंबरच्या पहाटे. हवा दाट, पेट्रोल तेच, मिश्रण पातळ आणि गाडी चोक सोडायला तयार नाही. थंडीत एखाद्या मापाने मोठा मेन जेट घालून पाहावा, असा सल्ला दिवाळीच्या तोंडावर द्यायला हरकत नाही.

याच हिशेबात चिखलदरा येतो. परतवाडा सोडून घाट चढला की गाडी सुमारे १,१०० मीटरवर पोचते. अमरावतीच्या तुलनेत तिथे हवेचा दाब सुमारे ९ टक्के कमी. वर जाताना ताकद कमी पडते, मिश्रण घट्ट होतं, प्लगवर काजळी धरते. वर पोचल्यावर स्क्रूशी खेळण्यात अर्थ नाही. खाली उतरताना तो परत फिरवावा लागतो. याउलट अमरावती-अकोला रस्ता. लोणी ते माना हा पट्टा जून २०२२ मध्ये एका लेनच्या ७५ किलोमीटर सलग डांबरीकरणाचा विश्वविक्रम करून गेला. गाडी तिथे एकाच वेगाने बराच वेळ धावते, म्हणून मेन जेट पारखायला यापेक्षा चांगली जागा नाही. सत्तरच्या वेगात पाच-सात किलोमीटर जाऊन तिथेच इंजिन बंद करायचं, कडेला घ्यायचं आणि प्लग काढायचे: बिस्किटी रंग चांगला, पांढरा पातळ मिश्रणाचा, काळा घट्ट मिश्रणाचा.

कापसाच्या हंगामात एअर फिल्टरकडेही पाहावं. जिनिंगच्या परिसरात तरंगणारा तंतू आणि रस्त्याची काळी धूळ मिळून फिल्टरवर गोधडी घालतात, आणि गाडी पेट्रोल पिऊ लागली म्हणून जेटला शिव्या बसतात.

पीयूसी केंद्रातलं यंत्र हे फुकटात पडलेलं हत्यार आहे, पण ते कुणी वापरत नाही. २००० पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम एवढी मुभा आहे. सर्टिफिकेट घेऊन निघून जाण्याऐवजी केंद्रवाल्याला दहा मिनिटं विनंती करावी आणि आकडा पाहत मिश्रणाचा स्क्रू फिरवावा. मोनॉक्साइड दोन-अडीचच्या आसपास असताना हायड्रोकार्बन सर्वांत खाली आलं, तर कानाचं काम यंत्राने केलं. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन भरमसाट असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग करतोय. तेव्हा पुन्हा प्लग-पॉइंटकडे.

इथेनॉलचा आणखी एक त्रास बंद गाडीला होतो. इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला बसतं, वाटीत पांढरट पूड धरते, जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्राम फुगतो. अमरावतीची एमएच-२७ असो की अकोल्याची एमएच-३०, पन्नाशी ओलांडलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक २० हजार रुपये भरून मिळतो. पण त्या गाडीने रोज धावायचं नसतं. म्हणजे व्हिंटेज गाडी मुळातच जास्त वेळ उभी राहणार. अशा गाडीला इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नव्या रबराचा डायफ्राम घालावा, आणि महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी राहते.