घरपोच आलेला फुटका माल: दाद मागायची कोणाकडे?

पूर्वी मिक्सर घ्यायचा झाला तर आपली माणसे कर्जतहून लोकलने कल्याण गाठत. दुकानदार पिन लावून, भांडे फिरवून दाखवी, मगच नोटा मोजल्या जात. आता नेरळपासून कशेळ्यापर्यंत आणि चौक-मोहोपाड्यापासून खोपोलीपर्यंत कोणत्याही वस्तीत मोबाईलवर मागवलेली खोकी दारात येतात. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण माल पाहून पैसे देण्याची जुनी सवय या सोयीत हरवली. कर्ता माणूस पहिल्या पाळीला गेलेला, घरी सासूबाई किंवा शाळेतून आलेली मुलगी. डिलिव्हरीवाला घाईत. पैसे घेतो, ओटीपी घेतो आणि निघतो. संध्याकाळी खोके उघडावे तर भांड्याला तडा, नाहीतर टीव्हीच्या काचेवर भेगाच भेगा.

मग ‘जाऊ दे, नशीब’ म्हणून वस्तू माळ्यावर जाते आणि हप्ते मात्र दरमहा कापले जातात. किंवा दुसऱ्या दिवशी तोच डिलिव्हरीवाला दिसला की चार माणसे त्याच्या अंगावर धावून जातात. हे तर फारच वाईट. तो पोरगा आपल्यासारख्याच कष्टकरी घरातला, उन्हापावसात ओझे वाहणारा. माल त्याने विकलेला नाही आणि पैसे परत देणे त्याच्या हातात नाही. भांडण करायचे ते विकणाऱ्याशी आणि ज्या कंपनीच्या ॲपवरून माल घेतला तिच्याशी, आणि तेही कागदावर.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. तीनच दिवसांनी, २३ जुलै २०२० रोजी, ऑनलाइन व्यापारासाठी वेगळे नियम निघाले. त्या नियमांप्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास अथवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. ‘या वस्तूला रिटर्न नाही’ असे ॲपवर लिहिलेले असते, ते वाचून आपली मंडळी माघार घेतात. रंग आवडला नाही, माप चुकले, अशा वेळी ती अट एक वेळ चालेल. फुटक्या मालाला ती लावून कंपनीला हात वर करता येत नाहीत. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क ॲपवर देणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात निकाल लावायचा.

आता पुराव्याचे. आम्ही कारकून माणसे, कागदावाचून आमचे पान हलत नाही. पण इथे ती खोड कामाला येते. खोके उघडण्याआधी मोबाईलवर चित्रीकरण सुरू करा. आधी पत्त्याचे लेबल आणि चिकटपट्टी चारही बाजूंनी दाखवा, मग न थांबता उघडा आणि वस्तू चालू करून बघा. मध्ये तुटलेले चित्रीकरण असेल तर ‘वस्तू तुम्हीच फोडली’ असे म्हणायला कंपनीला जागा मिळते. खोके बाहेरूनच चेपलेले किंवा ओले असेल तर घेऊच नका, ओटीपीही देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना हे आधी सांगून ठेवावे, कारण दार तेच उघडतात. बिल आणि खोके तक्रार मिटेपर्यंत टाकू नका.

तक्रार त्याच दिवशी नोंदवा, कारण ॲपवरची मुदत थोड्याच दिवसांची असते. मजकूर साधा असावा: ‘अमुक तारखेस, अमुक ऑर्डर क्रमांकाने, इतक्या रुपयांस घेतलेला मिक्सर आज फुटलेल्या अवस्थेत मिळाला. छायाचित्रे व चित्रीकरण सोबत जोडले आहे. वस्तू बदलून द्यावी अथवा पूर्ण रक्कम परत करावी. या तक्रारीची पोच द्यावी.’ फोनवर गोड बोलणाऱ्या मुलीने दिलेले आश्वासन लेखी नसेल तर त्याला किंमत नाही. आणि कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका, तो ॲपमधूनच घ्या. शोधून मिळणाऱ्या नंबरांवर ठग बसलेले असतात. ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणतात आणि खाते रिकामे करतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येते. ते कोर्ट नव्हे, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करण्याची जागा आहे. तरी पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

‘आम्ही फक्त जागा देतो, विकणारा वेगळा’ ही मोठ्या कंपन्यांची नेहमीची सबब. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती मानली नाही. ठरलेल्या मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड लावला. कुकर परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे द्या, असाही आदेश दिला. ॲमेझॉनवरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर विकले गेले होते. कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, हे खरे. पण विक्रीवर पैसा कमवता तर जबाबदारीही घ्या, हे तत्त्व त्या आदेशाने स्पष्ट बजावले.

इतके करूनही न भागल्यास अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचे ऑफिस बंगळुरात असो की दिल्लीत, नव्या कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असे नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून दाखल होते, आणि सुनावणी व्हिडिओवर घ्यावी असा अर्ज करता येतो. म्हणजे मजुरी बुडवून दरवेळी अलिबागच्या एसटीत बसायला नको. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ही तयारी मनाची असावी. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला मात्र तुरुंगाची तरतूद आहे.

वकील हवाच असेल तर कर्जत आणि खालापूर न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हे लागू आहे. सोबत जातीचा दाखला लावावा.

आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. तेवढ्यात मोबाईल बिघडतो किंवा विकला जातो, म्हणून चित्रीकरण पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावे आणि बिलाची झेरॉक्सही काढावी, कारण त्यावरची शाई वर्षभरात उडते.