माग, नांगर आणि मोटार



कारखान्याच्या पत्रिकेत मोटारीवर लेख कशाला, असे काही जणांना वाटेल. लागण, खोडवा, तोडणी, उतारा हे आपले नेहमीचे विषय. परंतु लग्नाचे वऱ्हाड न्यायचे असो, पंढरपूरला जायचे असो, नाहीतर पुण्याला साखर आयुक्तांकडे शिष्टमंडळ जायचे असो, वाडीवस्तीवर आज पहिला शब्द निघतो तो ‘इनोव्हा सांगा’ हाच. पुढाऱ्यांच्या ताफ्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. ही गाडी करणारी टोयोटा कंपनी आता इथेनॉलवर मोटार चालवू पाहते आहे. म्हणजे कालपर्यंत आपण तिचे गिऱ्हाईक होतो, उद्या तिच्या गाडीचे इंधन पुरवणारे होणार. सोयरीक करण्याआधी घराणे पाहावे, ही आपली रीत. तेव्हा हे घराणे कोणते आणि त्याच्या गाड्या वापरणारे काय म्हणतात, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

सुताराच्या मुलाचा माग

साकिची टोयोदा यांचा जन्म १८६७ साली जपानातील एका खेड्यात सुताराच्या घरी झाला. शिक्षण बेताचे, पण हात कसबी. घरोघरच्या बाया हातमागावर राबत, ते कष्ट कमी व्हावेत म्हणून त्यांनी मागात सुधारणा सुरू केल्या. १८९१ साली लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले, मग यंत्रमाग आला आणि १९२४ साली पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला.

या मागाची खरी करामत वेगात नव्हती, थांबण्यात होती. धागा तुटला की माग आपोआप बंद पडे. त्यामुळे सदोष कापड पुढे विणलेच जात नसे आणि एका माणसाला अनेक माग सांभाळता येत. चूक झाली की तिथेच थांबायचे, ती पुढच्या हातात जाऊ द्यायची नाही, हे त्या घराण्याचे पहिले सूत्र. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले.

साकिची १९३० साली वारले. मुलगा किइचिरो याच्या डोक्यात मात्र मोटार होती. १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग निघाला. १९३५ साली पहिला मालट्रक आणि १९३६ साली पहिली मोटार बाहेर पडली. २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. आडनाव टोयोदा असताना नाव टोयोटा ठेवले, कारण जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहून होते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. यात हसण्यासारखे काही नाही. आपणही मुहूर्त पाहूनच बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो.

पाच वेळा ‘का?’

सुरुवात काही थाटाची नव्हती. पहिले ट्रक रस्त्यात वारंवार बंद पडत आणि कंपनीची माणसे जागेवर जाऊन ते दुरुस्त करीत. १९५० साली तर दिवाळे निघायची वेळ आली. बँकांच्या अटी आल्या, कामगार कमी करावे लागले, संप झाला. किइचिरो यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि १९५२ साली ते वारले. कोरियाच्या युद्धामुळे ट्रकची मागणी आली म्हणून कंपनी तगली.

या ओढगस्तीतून त्यांची कामाची पद्धत तयार झाली. ताइइची ओनो या अधिकाऱ्याचे नाव त्यात मोठे आहे. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल आणायचा, हा एक नियम. बिघाड झाला की पाच वेळा ‘का?’ विचारायचे, हा दुसरा. आपल्या भाषेत सांगायचे तर असे. उसाचा कॅरिअर बंद पडला. का? मोटरचा फ्यूज गेला. का? भार जास्त आला. का? बेअरिंगला वंगण पोचले नाही. का? वंगणाचा पंप ओढेना. का? जाळी नसल्याने त्यात कचरा गेला. पहिल्या प्रश्नाला थांबलो तर फ्यूज बदलून मोकळे होऊ आणि चार दिवसांनी परत गाडीतळावर बैलगाड्यांची रांग लागेल. पाचव्या प्रश्नापर्यंत गेलो तर एक जाळी बसवून काम भागेल.

फजितीही पुष्कळ झाली. १९५७ साली त्यांनी आपली क्राऊन मोटार अमेरिकेला पाठवली. तिकडच्या वेगवान रस्त्यांवर तिचा निभाव लागला नाही आणि विक्री थांबवावी लागली. मात्र घरी येऊन त्यांनी गिऱ्हाइकाला नावे ठेवली नाहीत, गाडी सुधारली. १९६६ साली आलेली कोरोला जगभर खपली.

इतके होऊनही नाव जाण्याची वेळ पुन्हा आली. २००९ आणि २०१० साली वेग आपोआप वाढण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. घराण्यातलेच अध्यक्ष अकिओ टोयोदा यांना २४ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन माफी मागावी लागली. नाव कमवायला तीन पिढ्या लागतात, घालवायला एक हंगाम पुरतो, हे त्यांनाही कळले.

किर्लोस्करवाडीचा धागा

आता आपल्या मातीकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. पुढे त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान चालवले आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पण लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हटले नाही, नांगर त्याच्या रानात चालवून दाखवला. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या चरकावर ऊस गाळून गूळ केला, त्यातले कितीतरी चरक याच कारखान्याचे होते.

टोयोटाने भारतात प्रथम १९८० च्या दशकात डीसीएम या कंपनीबरोबर छोटे मालट्रक काढले. तो संसार फार टिकला नाही. मग १९९५ साली किर्लोस्कर घराण्याबरोबर भागीदारी झाली, तीही आधी कापड गिरणीच्या यंत्रांची. मोटारीची कंपनी, म्हणजे टोयोटा किर्लोस्कर मोटर, १९९७ साली निघाली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर हे तिचे उपाध्यक्ष होते. २०२२ साली त्यांचे निधन झाले. एक घराणे मागापासून निघाले, दुसरे नांगरापासून, आणि दोघांची गाठ मोटारीत पडली.

३१ जुलै २०२४ रोजी या कंपनीने महाराष्ट्र शासनाशी करार केला. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीन येथे सुमारे २० हजार कोटी रुपयांचा प्रकल्प त्यात ठरला आहे. मराठवाड्यातील ऊसवाल्यांच्या शेजारीच हे घराणे येत आहे.

काशीमीरा नाक्यावरचा कौल

कंपनी स्वतःबद्दल काय सांगते यापेक्षा तिची गाडी रोज हाकणारे काय सांगतात, ते महत्त्वाचे. त्यासाठी आम्ही काशीमीरा निवडले. दहिसरचा नाका ओलांडून गुजरातकडे जाणारी वाहने या ठिकाणाहून जातात, भाईंदरकडचा रस्ता इथेच फुटतो आणि थोडे पुढे घोडबंदरला ठाण्याकडचा रस्ता येऊन मिळतो. टुरिस्ट गाड्यांची येथे सतत ये-जा असते. आपल्या भागातून मिरारोड-भाईंदरला गेलेली पोरेही या धंद्यात आहेत. कारखान्याच्या कामासाठी तिकडे गेलो असता नाक्यावरच्या गाडीवाल्यांशी आम्ही निवांत बोललो. कोणाचे नाव घालत नाही, पण एकंदर सूर असा होता.

जुन्या मंडळींना २००० साली आलेली क्वालिस आठवते. दिसायला खोक्यासारखी, पण काम चोख. चांगली खपत असताना कंपनीने ती बंद केली आणि २००५ साली इनोव्हा आणली, तेव्हा यांना ते वेडेपण वाटले होते. पुढे मत बदलले. लांबच्या फेरीला माणूस शिणत नाही, इंजिनाला लवकर हात लावावा लागत नाही आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येते, या तीन गोष्टी सर्वांनी सांगितल्या. टुरिस्टच्या धंद्यात गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे जाते आणि हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून गाडी बंद न पडणे हीच त्यांच्या लेखी खरी कमाई.

तक्रारीही ऐकल्या. किंमत फार चढली, नव्या माणसाला धंद्यात उतरणे अवघड झाले, हे पहिले गाऱ्हाणे. सुटे भाग महाग, हे दुसरे. २०२२ साली आलेली हायक्रॉस पेट्रोलवर आणि विजेच्या जोडीने चालते, तिला डिझेल इंजिनच नाही, हे काही जुन्या डिझेलवाल्यांना रुचत नाही. चालवलेल्यांनी मात्र शहराच्या गर्दीत तिचा सरासरी खर्च कमी येतो असे सांगितले.

आणि मग एक विषय असा निघाला की आम्ही सावरून बसलो. पेट्रोलच्या गाड्यांचे ॲव्हरेज पडले, याला तुमचे इथेनॉल कारण, असे दोघा-तिघांनी तोंडावर सांगितले.

आता आपली पाळी

या बोलण्यात तथ्य किती? एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश उष्णता असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले की ॲव्हरेज थोडे घटणार, हे शास्त्र आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की जुन्या बेताच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के, दुचाकीला ३ ते ४ टक्के आणि २० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या नव्या चारचाकीला १ ते २ टक्के फरक पडेल. निम्मे ॲव्हरेज गेले म्हणणे खरे नाही, तसेच काहीच फरक पडत नाही म्हणणेही खरे नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना ते मानवत नाही, हेही लपवण्यासारखे नाही.

येथे आपला स्वार्थ आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. २००३ साली ५ टक्क्यांनी सुरू झालेली ही योजना २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर आली. साखरेचा भाव पडला तरी उसाचे बिल वेळेवर देता यावे, यासाठी कारखान्यांना हा मोठा आधार झाला. पण हा आधार आपल्या एकट्याच्या हातात नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि डिस्टिलरीवाल्यांची धांदल उडाली. निर्बंध पूर्ण उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. शिवाय २०२३-२४ साली धान्यापासूनचे इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा जास्त झाले, म्हणजे बाजारात आपण एकटे नाही.

याबाबत ब्राझीलचा दाखला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेथे १९७५ साली इथेनॉलची मोहीम निघाली. १९८० च्या दशकात नव्या गाड्यांपैकी बहुतेक निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. साखरेचा भाव वाढताच कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ साली पंपावर इथेनॉल मिळेना. गाडीमालक रांगेत उभे राहिले. तेव्हा जो विश्वास उडाला तो परत यायला बरीच वर्षे गेली. २००३ साली पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा कुठे लोक वळले. टोयोटाने २०१९ साली तेथे इथेनॉल आणि वीज अशा जोडीवर चालणारी कोरोला काढली. तीच कल्पना भारतात आली असून २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते अशा इनोव्हाचा नमुना दाखवण्यात आला.

सांगायचा मुद्दा असा. उसाचा काटा झाला, बिल निघाले, की आपले काम संपले असे आपण समजत आलो. इथेनॉलच्या बाबतीत तसे चालणार नाही. आपला माल काशीमीऱ्याच्या त्या टुरिस्टवाल्याच्या टाकीत पोचतो आणि तो बरा की वाईट हे तोच ठरवणार आहे. त्याची तक्रार म्हणजे तुटलेला धागा. माग तिथे थांबला पाहिजे.

आमच्या मते संघाने आणि महासंघाने तीन गोष्टी लावून धराव्यात. ॲव्हरेज किती घटते ते वाहनाच्या जातीप्रमाणे जाहीर सांगावे. उष्णता कमी आहे तर पंपावरच्या दरात गिऱ्हाइकाला त्याचा फायदा मिळावा. आणि जुन्या गाडीवाल्यांना कोणते भाग बदलायचे याची माहिती गॅरेजपर्यंत पोचावी. सभासदांनीही आपल्या गाडीचे माहितीपुस्तक पाहून ती २० टक्के मिश्रणाला चालते की नाही, याची खात्री करावी. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्या त्यासाठी केलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीची रबरी नळी आणि वॉशर मेकॅनिककडून तपासून घ्यावेत, आणि गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर आधी त्याचा सल्ला घ्यावा.

लक्ष्मणरावांनी नांगर विकण्याआधी शेतकऱ्याचे ऐकून घेतले, म्हणून तो नांगर रानोरान गेला. आज विकणारे आपण आहोत आणि ऐकून घ्यायची पाळीही आपलीच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत उसाच्या दराबरोबर या विषयावरही सभासदांनी बोलावे, अशी आमची विनंती आहे.