वाद मिटायची वाट न पाहता

वाचकहो, आग्नेय आशियातील राष्ट्रांची ‘आसियान’ ही संघटना कोणत्या वातावरणात जन्मली, ते आधी पाहा. 1963 पासून तीन वर्षे इंडोनेशिया मलेशियाशी अघोषित युद्ध करीत होता. 1965 मध्ये सिंगापूर मलेशियातून फुटून निघाले. मलेशियातल्या साबा प्रांतावर फिलिपाइन्स हक्क सांगत होता. तरी 8 ऑगस्ट 1967 रोजी ही चार राष्ट्रे थायलंडसह बँकॉकमध्ये एकत्र बसली आणि जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. साबाचा दावा फिलिपाइन्सने आजही सोडलेला नाही. बेळगावकडच्या वाचकांना यातली मेख वेगळी सांगायला नको.

तिथे मतदान होत नाही. सर्वांशी सल्लामसलत आणि मग एकमत, अशी रीत आहे. तिला मलाय भाषेत ‘मुशावरा’ आणि ‘मुफाकत’ म्हणतात. हैदराबादकरांना पहिल्या शब्दात आपला ‘मशवरा’ लगेच ऐकू येईल. या रीतीने काम फार सावकाश होते. मुक्त व्यापाराचा करार 1992 चा, पण सहा जुन्या सदस्यांमधली जवळजवळ सगळी जकात शून्यावर यायला 2010 उजाडले. व्हिएतनाम, लाओस, म्यानमार, कंबोडिया यांना आणखी सवड दिली. लहान मात्रा, लांबचा पल्ला. आमच्या होमिओपॅथीच्या रुग्णांना हे ओळखीचे वाटेल! मात्र त्यामुळेच टोयोटासारख्या कंपनीला डिझेल इंजिन थायलंडमध्ये, पेट्रोल इंजिन इंडोनेशियात आणि गिअरबॉक्स फिलिपाइन्समध्ये बनवणे परवडू लागले. रोजगार एकाच देशात साचला नाही.

शेजार जवळचा असला की साथही लवकर पसरते. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने आपले चलन बाट बाजाराच्या हवाली केले. ते कोसळले आणि काही महिन्यांत इंडोनेशियाचा रुपियाही गडगडला. पुढच्या वर्षी सुहार्तोंना सत्ता सोडावी लागली. त्यातून शहाणे होऊन 2000 मध्ये चीन, जपान व दक्षिण कोरियासह चिआंग माई येथे अडचणीत एकमेकांना परकीय चलन पुरवण्याची व्यवस्था ठरली.

एवढे होऊनही या देशांचा आपापसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाव हिश्श्याच्या आतच घुटमळतो. बाकीचा बाहेरच्यांशी, त्यातही चीनशी सर्वांत जास्त. आणि बंदुका निघाल्या की एकमताची रीत लंगडी पडते, असे माझे मत आहे. 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारसाठी ठरलेली पाच कलमे कागदावरच राहिली. जुलै 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया लढले, तेव्हा मलेशियाने दोघांना पुत्रजाया येथे बसवून शस्त्रसंधी घडवली. डिसेंबरात सीमेवर पुन्हा तोफा धडधडल्या.