चावी आधी, रकाने नंतर

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर टेबल स्टोरेजमध्ये तक्ता तयार करायला नाव पुरतं. रकाने आधी ठरवावे लागत नाहीत. एका नोंदीत तापमान असेल, पुढच्या नोंदीत नसेलही. पण पार्टिशन की (नोंद कोणत्या गटात, म्हणजे पार्टिशनमध्ये, जाईल ते ठरवणारी) आणि रो की (त्या गटातली नोंदीची ओळख) या दोन चाव्या प्रत्येक नोंदीला हव्यातच, आणि खरा विचार इथेच करावा लागतो. शोधताना दोन्ही दिल्या की नोंद झटकन सापडते. एकही दिली नाही, तर सगळा तक्ता चाळावा लागतो. उदाहरणार्थ, हवामान केंद्रांच्या नोंदींसाठी मी केंद्राचा क्रमांक पार्टिशन की आणि वेळ रो की ठेवेन. तारखेला पार्टिशन की केलं, तर आजच्या साऱ्या नोंदी एकाच पार्टिशनवर आदळतील. एकगठ्ठा व्यवहारात जास्तीत जास्त १०० नोंदी लिहिता येतात, मात्र त्या एकाच पार्टिशनमधल्या हव्यात.