घरखर्चाचं अर्थशास्त्र – लेखांक ९ : काठीचं आर्थिक वर्ष

गेल्या आठवड्यात आपण शहरातल्या नोकरदाराची पगारपत्रिका ओळीओळीने वाचली आणि शेवटी एका बारक्या ओळीपाशी थांबलो होतो. व्यवसाय कर : दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही कमाल मर्यादा घातली आणि तेव्हापासून ती हललेली नाही. हा कर महाराष्ट्रात आला कुठून, हे बहुतेक पगारदारांना ठाऊक नसतं. १९७२च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला बसले. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना (रोहयो) राज्यभर रुजली. तिला पैसा हवा होता, म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारातून दोन रुपये कापायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि त्यातून गावात मजुरी द्यायची, असा तो सरळ व्यवहार होता. पागे यांना अर्थशास्त्रज्ञ म्हणून कुणी गौरवलं नाही, पण शहराकडून खेड्याकडे पैसा नेणारा इतका थेट पाट आपल्या करव्यवस्थेत क्वचितच सापडतो.

आज त्या पाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ते टोक अनेक ठिकाणी आहे. मी काठी निवडलं.

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, मोलगीच्या जवळचं सातपुड्यातलं गाव. बाहेरच्यांना ते राजवाडी होळीमुळे माहीत असतं. इंग्रजांच्या काळात खानदेशात चिखली, काठी, नाल, सिंगपूर, नवलपूर आणि गावहाली अशी सहा मेहवासी संस्थानं होती, त्यातलं हे एक. खालच्या सपाटीवर जमिनीची मोजणी होऊन सारा ठरला, तेव्हा या डोंगरात कारभार संस्थानिकाच्या हाती होता. स्वातंत्र्यानंतर मेहवासी मालकी हक्क रद्द करायलाही वेगळा विनियम करावा लागला, १९६१ साली. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे.

इथल्या घराचं उत्पन्न किती? प्रश्न साधा आहे, पण सरकारदरबारी त्याचं उत्तर सापडत नाही. अमेरिकेत एखाद्या आडबाजूच्या काउंटीत काही हजार माणसं राहत असली, तरी तिथल्या घरांचं मध्यक उत्पन्न जनगणना खातं पाहणी करून जाहीर करतं. आपल्याकडे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न निघतं आणि नंदुरबार त्या यादीत तळाशी असतो. पण ते जिल्ह्यात तयार झालेल्या मालाचं आणि सेवांचं मोल असतं, घरात आलेला पैसा नव्हे. शहाद्याच्या बागायतीतली केळी, पपई आणि ऊस, नंदुरबारच्या बाजारातली मिरची हे सगळं त्यात एकत्र मिसळतं आणि माणसांच्या संख्येने भागलं जातं. त्या भागाकारातून काठीच्या वाट्याला किती आलं, हे कळायला मार्ग नाही. तलाठ्याच्या अहवालावर मिळणारा उत्पन्नाचा दाखला तर शिष्यवृत्ती आणि योजनांसाठी काढलेला कागद असतो. त्यावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी अर्थशास्त्र मांडू नये.

मग उलट बाजूने जाऊ. उत्पन्न मोजता येत नसेल, तर ठरलेले पैसे मोजू. पाच माणसांचं एक घर धरा. त्याला रोजगार हमीचे पूर्ण शंभर दिवस मिळाले असं समजा, जे सहसा घडत नाही. २०२५–२६ साठी महाराष्ट्राची रोजी ३१२ रुपये होती. म्हणजे वर्षाचे ३१,२०० आणि माणशी महिन्याला ५२०. घरातल्या एका बाईला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात, माणशी ३००. वनहक्काचा पट्टा आहे आणि पीएम किसान व नमो शेतकरी हे दोन्ही हप्ते लागू आहेत असं धरलं, तर वर्षाला १२,०००, माणशी २००. बेरीज झाली १,०२०.

आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२२–२३च्या केंद्रीय उपभोग खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च सरासरी ४,०१० रुपये आला. देशभरातल्या आदिवासी ग्रामीण घरांचा सरासरी आकडा ३,०१६. आणि भारतातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या अगदी तळच्या पाच टक्क्यांचा १,३७३. सगळ्या योजना, सगळे दिवस, सगळे हप्ते वेळेवर मिळाले, तरी बेरीज त्या तळच्या पाच टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. या पाहणीत शेतात पिकवून घरीच खाल्लेल्या धान्याची किंमतही खर्चात धरतात, त्यामुळे तुलना अगदी नेमकी नाही. पण ‘यांना सगळं फुकट मिळतं’ हे चहाच्या टपरीवरचं वाक्य तपासायला एवढं गणित पुरेसं आहे. अंत्योदय कार्डावरचे महिन्याचे ३५ किलो धान्य खरोखर आधाराचं आहे, त्यात वाद नाही. पण धान्याने बसचं तिकीट निघत नाही.

उरलेला पैसा येतो कुठून? थोडा मोहाच्या फुलांतून, थोडा चारोळीतून, आणि उन्हाळ्यात आमचुरातून. मोलगी, धडगावच्या पट्ट्यात कैरी सोलून, चिरून, उन्हात वाळवून व्यापाऱ्याला घालणं हा जवळपास घरोघरचा उद्योग आहे. नंदुरबारच्या आमचुराला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकनाचा फायदा माल डब्यात भरून नावाने विकणाऱ्याला आधी होतो. पावसाची पहिली सर यायच्या आत माल घालवायची घाई असलेल्या घराला तो व्हायचा असेल, तर मधे साठवणुकीची आणि एकत्र विक्रीची व्यवस्था लागते.

आणि बाकी सगळा पैसा उसातून. दिवाळीनंतर अक्कलकुवा आणि धडगावमधली कुटुंबंच्या कुटुंबं कोयते घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे उतरतात. हे आजचं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोलीच्या फडांवर खानदेशातून आलेल्या टोळ्यांचा अभ्यास केला होता. गुजरातेत ऊसतोडीचा किमान दर अलीकडे टनाला २३८ वरून ४७६ रुपये झाला. नवराबायकोच्या जोडीने दिवसाकाठी साधारण टनभर ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत चढवला, तर माणशी २३८ रुपये पडतात. रोजगार हमीच्या ३१२ पेक्षा ते कमी आहेत.

तरी माणसं जातात. पुस्तकी अर्थशास्त्र इथे गोंधळतं, कारण ते दर पाहतं आणि तारीख पाहत नाही. टोळ्या नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती पावसाळ्यात आणि दिवाळीच्या तोंडावर. आषाढ-श्रावणात घरातलं जुनं धान्य संपलेलं असतं, नवं अजून शेतात असतं, जंगलातून विकण्यासारखं काही निघत नाही आणि रोहयोची मातीकामं पावसामुळे थांबलेली असतात. त्या दोन महिन्यांत हातात पडलेल्या पाच हजारांची किंमत मार्चमधल्या दहा हजारांपेक्षा जास्त असते. सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना सुरू झाली ती याच महिन्यांसाठी. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तिला अनुदानाचं रूप मिळालं आणि घरटी ४,००० रुपये मंजूर झाले, निम्मे रोख आणि निम्म्याचं धान्यसामान. योजना गरज नेमकी ओळखून केलेली, पण नेम धरून सातत्याने चाललेली नाही. मुकादम मात्र दरवर्षी येतो. बँक येत नाही, कारण वनहक्काची जमीन वारसाला देता येते पण विकता किंवा गहाण टाकता येत नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून घातलेली ही अट योग्यच आहे, आणि तिच्यामुळे कर्जाच्या दारात माणूस अडतो हेही खरं आहे.

आता करांकडे. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे आणि काठीतल्या शेतकऱ्याला त्या मुक्तीचा काही उपयोग नाही, कारण त्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपासही नसतं. आदिवासींना प्राप्तिकर माफ असतो असा एक समज आहे. ती सवलत ईशान्येकडच्या ठरावीक भागांतल्या आणि लडाखच्या अनुसूचित जमातींना आहे. मोलगीच्या शाळेतला भिल्ल शिक्षक पुण्याच्या शिक्षकाइतकाच प्राप्तिकर भरतो, आणि तोच २,५०० रुपयांचा व्यवसाय करही. म्हणजे रोजगार हमीच्या नावाने सुरू झालेला हा कर मोलगीतूनही कापला जातो!

बाकीचं घर कर भरतं ते पावतीशिवाय. सुटं धान्य आणि मीठ यांवर जीएसटी नाही. साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५ आहे. पाच रुपयांच्या पुड्यात हा फरक गिऱ्हाइकाला कसा दिसणार, हा प्रश्न मी कंपन्यांवर सोडतो. मोबाइलचा २९९ रुपयांचा रिचार्ज मारला की त्यातले साधारण साडेपंचेचाळीस रुपये जीएसटीचे. घरकुलाच्या अनुदानातून आणलेल्या सिमेंटवर आधी २८ टक्के होता, आता १८. एका हाताने दिलेल्या अनुदानाचा एक हिस्सा दुसऱ्या हाताने परत घेतला जातो आणि दोन्ही आकडे सरकारच्या वेगवेगळ्या पुस्तकांत अभिमानाने छापले जातात. होळीसाठी केलेल्या चांदीच्या दागिन्यावर ३ टक्के. एसटीच्या भाड्यात साडेसतरा टक्के दराचा प्रवासी कर दडलेला असतो, देशातल्या चढ्या दरांपैकी एक. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं झालं, ही डोंगरातल्या घरखर्चातली अलीकडची सगळ्यात मोठी सुधारणा म्हणेन. पण त्यासाठी बस यावी लागते. ती नसेल तिथे जीप, आणि जीपला सवलत नाही.

पेट्रोलचं तर काय सांगावं. अक्कलकुव्याहून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे आणि पलीकडे लिटर दहाएक रुपयांनी स्वस्त मिळतं, कारण तिथला मूल्यवर्धित कर कमी. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि जो खाली उतरतो तो पलीकडे टाकी भरतो. वर पाड्यावर राहणारा बाटलीतलं पेट्रोल विकत घेतो, महाराष्ट्राच्या दरात, वर विकणाऱ्याचा नफा. याला गरिबीचा अधिभार म्हणतात आणि तो कुठल्याच अर्थसंकल्पात नोंदला जात नाही.

रोहयोची रोजी दरवर्षी वाढते कशी, हेही इथेच पाहून घेऊ. शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक जितका वाढला, त्या हिशेबाने. हा निर्देशांक अगदी २०२५ पर्यंत १९८६–८७ पायाभूत वर्ष धरून निघत होता आणि त्यातली वस्तूंची वजनं १९८३च्या पाहणीतली होती. त्यात अन्नाचा वाटा ६९ टक्के. भाज्या आणि धान्य स्वस्त झालं की मजुरीची वाढ आखडायची, मग औषधं, जीपचं भाडं आणि रिचार्ज कितीही महागो. १९८३ साली काठीत रिचार्जचा प्रश्नच नव्हता. याच पायावर २०११ पासून मजुरी ठरत राहिली. २०१९ पायाभूत वर्ष धरणारी नवी मालिका २०२५च्या मध्यावर सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने रोजगार हमीची जागा घेणारा नवा कायदा केला. दिवस १०० ऐवजी १२५, पण खर्चातला राज्याचा वाटा ४० टक्के. पेरणी-कापणीच्या दिवसांत कामं थांबवायची तरतूदही त्यात आहे. काठीच्या दृष्टीने पहिला प्रश्न दिवसांच्या संख्येचा नाही. ते दिवस कोणत्या महिन्यांत मिळणार, याचा आहे.

राहता राहिली ग्रामपंचायत. अमेरिकेतल्या काउंटीत शाळा आणि रस्ते बऱ्याच अंशी तिथल्याच घरजमिनीवरच्या करातून चालतात, त्यामुळे गरीब काउंटीची शाळाही गरीब राहते. आपल्याकडे शाळेचा पगार राज्य देतं, हे आपल्या व्यवस्थेचं मोठेपण आहे आणि ते आपण फार कमी वेळा सांगतो. घरपट्टी, दिवाबत्ती आणि पाणीपट्टीतून डोंगरातल्या पंचायतीला मिळतं ते किरकोळ. खरा पैसा येतो वित्त आयोगाकडून आणि पेसा या अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यातून. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना थेट द्यायचा निर्णय २०१५ पासून अमलात आहे, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं.

ग्रामसभेच्या रूढ तारखा आहेत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. नव्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात आकाराला येतो, आणि २६ जानेवारीला निम्मं गाव दक्षिण गुजरातच्या फडावर असतं. होळीला मात्र झाडून सगळे परततात. मुकादमाशी हिशेब फिटलेला किंवा पुढच्या वर्षावर ओढलेला असतो, घरात वर्षातली सर्वांत जास्त रोकड असते आणि पुढच्या उधारीची बोलणी अजून सुरू झालेली नसतात. महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांनुसार पाडाही स्वतःची ग्रामसभा म्हणून उभा राहू शकतो, आणि वर्षातून चारच सभा घ्या असं कायदा म्हणत नाही, किमान चार घ्या म्हणतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी कुणी सभेला बसणार नाही हे मान्य, पण त्या आठवड्यात पाचवी सभा बोलवायला सरपंचाला कुणाचीही परवानगी लागत नाही.

(पुढील लेखांक : उचल – व्याज न लिहिलेल्या कर्जाचं व्याज कसं काढायचं)