एम.आर.आय. विभागातील सुरक्षितता आणि तंत्रज्ञाची जबाबदारी

रुग्णालयाचे देणगीदार व हितचिंतक एम.आर.आय. विभागास भेट देतात, तेव्हा सर्वांचे लक्ष साहजिकच यंत्राकडे जाते. यंत्राची किंमत किती, ते किती शक्तीचे आहे, दिवसाला किती तपासण्या होतात, सवलतीच्या दराचा लाभ कोणाला मिळतो, असे प्रश्न विचारले जातात आणि ते योग्यही आहेत. परंतु त्याच विभागाच्या दारात उभे राहून रुग्णास तेच ते प्रश्न पुनःपुन्हा विचारणाऱ्या, अंगावरील दागिने उतरविण्यास सांगणाऱ्या आणि प्रसंगी "आपणांस आत जाता येणार नाही" असे स्पष्ट सांगणाऱ्या तंत्रज्ञाविषयी सहसा कोणी विचारीत नाही. विचारणा झालीच तर ती बहुधा तक्रारीच्या स्वरूपात होते. म्हणून या वार्षिक अहवालाच्या निमित्ताने तंत्रज्ञांच्या या कामाची माहिती सर्वांस करून द्यावी असे वाटले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्राचा नव्हे. त्यामुळे विषय शक्य तितक्या साध्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

चुंबक कधीही बंद नसतो

एम.आर.आय. यंत्र म्हणजे मूलतः एक प्रचंड चुंबक. अनेक रुग्णालयांत वापरले जाणारे यंत्र १.५ टेस्ला शक्तीचे असते. ही शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक भरते. ३ टेस्लाच्या यंत्रात ती याच्याही दुप्पट असते.

या चुंबकाची तार नायोबियम व टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची असून ती द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असते. इतक्या थंडीत तारेचा विद्युत्‌ विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न पुरविताही वर्षानुवर्षे फिरत राहतो. याचा व्यवहारातील अर्थ फार महत्त्वाचा आहे. वीज गेली, पडद्यावरील चित्र मावळले, तपासणी संपली, रात्री विभागास कुलूप लागले, तरी चुंबक चालूच असतो. "मशीन बंद आहे, आत जायला हरकत नाही" हे वाक्य एम.आर.आय.च्या बाबतीत जवळजवळ कधीच खरे नसते.

दुसरी गोष्ट अशी की या चुंबकाची ओढ हळूहळू जाणवत नाही. आधुनिक यंत्रांभोवती चुंबकीय क्षेत्र आवरून धरण्याची योजना असते. त्यामुळे दारापाशी काहीच जाणवत नाही आणि यंत्राच्या तोंडाजवळ मात्र एक-दोन पावलांतच ओढ एकदम वाढते. हातातील लोखंडी वस्तू सुटते, तेव्हा ती धरण्यास वेळ मिळत नाही. ती सरळ यंत्राच्या पोकळीकडे झेपावते आणि त्या पोकळीत बहुधा रुग्ण असतो.

घडलेल्या काही दुर्घटना

हा धोका केवळ पुस्तकातला नाही. जुलै २००१ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, व्हॅलहॅला येथील वेस्टचेस्टर मेडिकल सेंटरमध्ये सहा वर्षांच्या मुलाची तपासणी चालू असताना प्राणवायूचा सिलिंडर कक्षात आणला गेला. तो यंत्राकडे खेचला जाऊन मुलाच्या डोक्यावर आदळला व मूल दगावले. या घटनेनंतर, २००२ साली, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने एम.आर.आय. सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत वेळोवेळी सुधारणा होत आली असून अनेक देशांतील विभाग ती प्रमाण मानतात.

आपल्या राज्यातही अशा घटना घडल्या आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत दोन कर्मचारी सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा एक नातेवाईक सिलिंडर घेऊन कक्षात गेला आणि मृत्युमुखी पडला. यंत्र बंद असल्याचे आपणांस सांगण्यात आले होते, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ वेस्टबरी येथे पत्नीस उठण्यास मदत करण्याकरिता आत गेलेल्या गृहस्थांच्या गळ्यात व्यायामाची सुमारे नऊ किलो वजनाची साखळी होती. तेही यंत्राकडे ओढले गेले व पुढे त्यांचे निधन झाले.

या घटनांतील साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. यांपैकी कोणतीही वस्तू यंत्र बिघडल्यामुळे खेचली गेली नव्हती. यंत्र आपल्या स्वभावानुसारच वागले. जी माणसे वस्तूसह आत गेली, ती बहुतेक मदतीच्या भावनेनेच गेली. म्हणजेच उणीव होती ती दारात थांबविणाऱ्या अधिकारी व्यक्तीची किंवा त्या व्यक्तीचा शब्द चालण्याची.

दारावरील चाळणी

मार्गदर्शक तत्त्वांनुसार एम.आर.आय. विभागाचे चार भाग पाडले जातात. पहिला सर्वांसाठी खुला असतो. दुसऱ्या भागात रुग्णाची नोंद व चौकशी होते. तिसरा यंत्र चालविण्याचा, केवळ प्रशिक्षित व्यक्तींच्या ताब्यातील भाग आणि चौथा प्रत्यक्ष चुंबकाचा कक्ष होय. दुसऱ्यातून तिसऱ्या भागात कोणास सोडावयाचे, हे ठरविणे सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञाचे मुख्य काम आहे.

हृदयात पेसमेकर आहे काय, मेंदूच्या रक्तवाहिनीवर क्लिप बसविली आहे काय, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे काय, अंगात छर्रा वा गोळी राहिली आहे काय, गर्भधारणेची शक्यता आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. पूर्वी वेल्डिंग, ग्राइंडिंग वा लेथवर काम केले आहे काय, हा प्रश्न ऐकून पुष्कळांना नवल वाटते. धातूचा सूक्ष्म कण डोळ्यात वर्षानुवर्षे त्रास न देता राहू शकतो व चुंबकाजवळ तो हलला तर डोळ्यास इजा होते. अशा प्रकारे एका रुग्णाची एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ सालीच वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. म्हणून अशा व्यक्तीचा शंका असल्यास आधी क्ष-किरण फोटो काढला जातो.

याचा अर्थ शरीरात धातू असलेल्या प्रत्येकाची तपासणी नाकारली जाते असा नव्हे. टायटॅनियमच्या पट्ट्या, हृदयातील बहुतेक स्टेंट, कृत्रिम सांधे यांसह तपासणी सहसा करता येते. पेसमेकरच्या बाबतीतही काळ बदलला आहे. ठरावीक अटींवर एम.आर.आय. करता येईल अशा पेसमेकरला अमेरिकेत २०११ साली प्रथम मान्यता मिळाली. मात्र येथे "अटींवर" हा शब्द महत्त्वाचा आहे. पेसमेकर व त्याच्या तारा दोन्ही त्या प्रकारच्या हव्यात, तपासणीपूर्वी त्याची मांडणी बदलावी लागते आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले इम्प्लांट कार्ड अत्यंत उपयोगी पडते. घरोघरी ते फायलीत कोठेतरी पडलेले असते. ते कार्ड सोबत आणल्यास खोळंबा टळतो.

मंगळसूत्र, जरीची साडी आणि औषधाची पट्टी

"सोने चुंबकाला चिकटत नाही, मग मंगळसूत्र का काढावयाचे?" हा प्रश्न विभागात वारंवार विचारला जातो. सोने खेचले जात नाही हे खरे. परंतु तपासणीच्या वेळी यंत्रातून रेडिओ लहरी सोडल्या जातात. धातूच्या साखळीत किंवा वळ्यात त्यामुळे विद्युत्‌ प्रवाह निर्माण होऊन ती तापू शकते व त्वचा भाजते. शिवाय दागिन्याच्या फाशात अथवा स्प्रिंगमध्ये लोखंड असू शकते. हेच जोडवी, चांदीचा करदोटा, तावीज, केसांचे आकडे व सेफ्टी पिना यांस लागू पडते. जरीच्या धाग्यात धातू असतो, म्हणून साडी बदलून रुग्णालयाचा गाऊन देण्यात येतो. त्वचेवर चिकटविलेल्या काही औषधी पट्ट्यांत धातूचा पातळ पापुद्रा असतो. त्यांचीही माहिती द्यावी लागते. रुग्णाचे हात एकमेकांस वा मांड्या एकमेकींस टेकू नयेत म्हणून तंत्रज्ञ मध्ये मऊ गाद्या ठेवतात. तेही भाजण्याचा धोका टाळण्यासाठीच असते.

मंगळसूत्र उतरविणे अनेक भगिनींच्या मनास लागते, याची तंत्रज्ञांना जाणीव आहे. म्हणून ते हिसकल्यासारखे न काढता, घरच्या माणसाच्या हाती सोपविण्याची सवड दिली जाते. अशी समजूत घालण्यात पाच-दहा मिनिटे जातात आणि ती गेलीच पाहिजेत.

यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून रुग्णास व सोबत थांबणाऱ्या पालकांसही कानात घालण्याचे बोळे दिले जातात. मुलाजवळ थांबणाऱ्या आई-वडिलांची चौकशीही रुग्णाइतकीच काटेकोरपणे होते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाच्या कार्याचा विचार करावा लागतो. मूत्रपिंड फार दुर्बल असलेल्या काही रुग्णांत या औषधांमुळे त्वचा कठीण होण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ साली लक्षात आले. क्रिएटिनिनचा अहवाल मागितला जातो, तो यासाठी.

अडचणीच्या वेळी

आत असलेल्या रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर काय करावे? सर्वांच्या मनात प्रथम येते ते सिलिंडर, ट्रॉली, विजेचा झटका देणारे यंत्र घेऊन आत धावणे. नेमके तेच करावयाचे नसते. रुग्णास चुंबकाच्या कक्षातून त्वरित बाहेर, ठरलेल्या जागी आणावयाचे आणि छातीवर दाब देणे चालू ठेवीत पुढील उपचार तेथे करावयाचे. त्या क्षणी धावत आलेल्या डॉक्टरांनाही दारात अडविणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य ठरते.

एखादी व्यक्ती यंत्राशी अडकून तिच्या जिवावर बेतले, तर चुंबकत्व नाहीसे करण्याचे तातडीचे बटण असते. ते दाबल्यावर द्रवरूप हेलियमची वाफ होऊन ती नळीवाटे इमारतीबाहेर जाते. एक लिटर द्रवापासून सातशे लिटरहून अधिक वायू होतो. ही नळी तुंबलेली असली तर वायू कक्षात भरून माणसे गुदमरू शकतात. पुन्हा हेलियम भरण्यास व यंत्र सुरू करण्यास अनेक लाख रुपये व बरेच दिवस लागतात. म्हणून केवळ एखादी खुर्ची चिकटली तर हे बटण दाबत नाहीत. माणूस अडकला असेल तर मात्र खर्चाचा विचार करीत नाहीत. हा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो आणि तो घेणारी व्यक्ती बहुधा तंत्रज्ञच असते.

ताळेबंदात न दिसणारी गोष्ट

क्ष-किरण व सी.टी. यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एम.आर.आय.मध्ये तसे किरण नसल्यामुळे हे यंत्र त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. साहजिकच दक्षतेचा भार मुख्यत्वे संस्थेवर येतो.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता यंत्र ही मालमत्ता आहे, त्यावर घसारा निघतो, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. तंत्रज्ञाने चौकशीत घालविलेली पंधरा मिनिटे मात्र कोठेच जमा होत नाहीत; उलट दिवसाच्या तपासण्यांची संख्या तेवढी कमी दिसते. न घडलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही खतावणीत नसते. त्यामुळे व्यवस्थापनाने केवळ संख्येचा आग्रह धरला तर पहिली काटछाट नकळत या पंधरा मिनिटांचीच होते. एकच तंत्रज्ञ यंत्रही चालवील आणि दारही सांभाळील, ही बचत वरवरची आहे. पडद्याकडे पाहणाऱ्याची दाराकडे पाठ असते.

म्हणूनच आपल्या रुग्णालयात काही नियम पाळले जातात. तपासणी चालू असताना एकाहून अधिक प्रशिक्षित व्यक्ती विभागात असतात. वॉर्डातील मामा व मावशी, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, वीजतंत्री या सर्वांस विभागाचे प्रशिक्षण दिले जाते. कारण लोखंडी बादली किंवा अवजारांची पेटी रात्रीच्या वेळीही तितकीच घातक असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरक्षिततेच्या कारणास्तव तंत्रज्ञाने दिलेला नकार प्रशासक, डॉक्टर अथवा विश्वस्त यांपैकी कोणीही दारात उभे राहून फिरवीत नाही. शंका असल्यास रेडिओलॉजिस्टशी चर्चा होते. तोपर्यंत दार बंद राहते.

देणगीदारांस नम्र विनंती की, यंत्राप्रमाणेच चुंबकास न खेचल्या जाणाऱ्या व्हीलचेअर, ट्रॉली, ॲल्युमिनियमचे सिलिंडर, लोखंड ओळखणारी उपकरणे आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांकडेही त्यांनी लक्ष द्यावे. या गोष्टी लहान दिसतात, पण यंत्राचा लाभ सुरक्षितपणे रुग्णापर्यंत पोहोचतो तो त्यांच्यामुळे. रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती की, जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे सोबत आणावीत, विचारलेले प्रश्न क्षुल्लक वाटले तरी खरी उत्तरे द्यावीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून, अगदी रुग्णाला मदत करण्यासाठीही, तंत्रज्ञाच्या परवानगीवाचून आत जाऊ नये.

विभागातील सर्व तंत्रज्ञ हे काम वर्षभर, प्रसंगी रुग्णांच्या नातेवाइकांचा रोष पत्करूनही, निष्ठेने करीत आले आहेत.